दिवा कुठे, उजेड कुठे!

दहावी-बारावीचे वर्ष आले की घरोघरी टेबल लॅम्पची खरेदी होते. दिवा दिसतो कसा यावर पुष्कळ काथ्याकूट होतो. पण तो वाकतो कसा आणि वीज किती खातो, हे फारसे कुणी विचारत नाही. माझ्या मते विचारायचे ते हेच.

आधी अंतराचे गणित पाहू. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा नव्हे, चौथाईवर येतो. उलट, २ मीटरवरचा दिवा अर्ध्या मीटरवर आणला तर तेवढ्याच विजेत पानावर सोळापट उजेड पडतो. म्हणून दिवा हलता हवा. मोटारींच्या स्प्रिंगांवर काम करणाऱ्या जॉर्ज कारवर्डाइन या इंग्रज इंजिनिअरने १९३२ मध्ये ही सोय करून दिली. त्याच्या ‘अँगलपॉइज’ दिव्यात स्प्रिंगांचा ताण दांडीचे आणि दिव्याचे वजन तोलून धरतो. बोटाने ढकलावा, तिथे दिवा थांबतो.

आता विजेचा हिशेब. जुन्या पिवळ्या बल्बची नव्वद टक्क्यांच्या वर वीज उष्णतेत जाते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर असताना डोक्याशी अशी शेगडी कोण पेटवील? ६० वॅटचा बल्ब रोज ४ तास जाळला तर महिन्याला ७.२ युनिट लागतात. ५ वॅटच्या एलईडी दिव्याला ०.६ युनिट पुरते. पानापुरता उजेड त्यात सहज मिळतो.

कोळशावरच्या एका युनिटामागे साधारण अर्धा ते पाऊण किलो कोळसा जळतो. तो आपल्याला काही परका नाही. कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रे आपल्या वेशीवरच आहेत. वीज दूरवर जाते, राख इथे राहते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!

वीज बेभरवशाची असलेल्या गावांतल्या मुलांचे काय? आयआयटी मुंबईच्या ‘सोल’ प्रकल्पाने त्यांच्यासाठी छोट्या एलईडीचे सौर अभ्यास-दिवे गावातल्याच लोकांकडून जुळवून घेतले. अभ्यासाला झगमगाट लागत नाही, पानावर उजेड लागतो.

तेव्हा दिवा घेताना खोक्यावर वॅटबरोबर लुमेनही वाचा. वॅट म्हणजे खर्च, लुमेन म्हणजे मिळकत. टोपण डोळ्यांच्या पातळीखाली येते का, ते बसून पाहा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने दिवा डावीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. खोलीत मात्र मंद उजेड असू द्या. मिट्ट काळोखात एकच झळझळीत पान पाहून डोळे शिणतात.