ताप माणसाला येण्याआधी

डास, गोचीड किंवा वाळूमाशी यांच्या चाव्यातून पसरणाऱ्या विषाणूजन्य आजारांचा शोध बहुधा रुग्णापासून सुरू होतो आणि तिथेच उशीर झालेला असतो. कारण यांतील अनेक विषाणू मुळात प्राण्यापक्ष्यांत नांदणारे असून माणूस त्यांच्या वाटेत उशिरा, बऱ्याचदा अपघातानेच येतो. म्हणून तापाचे रुग्ण, आजारी वा मेलेली जनावरे आणि रोगवाहक, म्हणजे विषाणू एका शरीरातून दुसऱ्या शरीरात नेणारे कीटक व गोचीड, या तिन्हींवर एकाच वेळी नजर ठेवून मिळालेली माहिती एकत्र वाचण्याला एकत्रित सर्वेक्षण म्हणतात.

या पद्धतीचे मोल माकडतापाने दाखवून दिले. 1957 साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि लगतच्या गावांत तापाचे रुग्ण वाढले, तेव्हा आफ्रिकेतला पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी शंका घेतली गेली. पुण्यात 1952 साली स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, माणूस, माकड आणि गोचीड या तिन्हींचे नमुने तपासले आणि हा निराळाच विषाणू असल्याचे सिद्ध केले. पुढे 2016 साली सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात हाच आजार पसरला. माकड मेले की त्याच्या अंगावरचे बाधित गोचीड खाली उतरून आसपासच्या पाचोळ्यात विखुरतात. त्यामुळे काजूच्या हंगामात बागेत जाणाऱ्यांना धोका असतो. अशा ठिकाणी पांढरे फ्लॅनेलचे कापड पाचोळ्यावरून हळूहळू ओढत नेतात, त्याला चिकटलेले मोहरीएवढे गोचीड चिमट्याने वेचून कुपीत भरतात आणि प्रयोगशाळेकडे धाडतात. मेलेले माकड बहुधा वनविभागाला आधी दिसते, गुरांवरचे गोचीड पशुवैद्यकाला आणि ताप आरोग्य केंद्राला; यांपैकी एकाने जरी आपली माहिती स्वतःपाशीच ठेवली तरी उरलेले दोघे अंधारात राहतात.

परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावासारख्या गावाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. इथे सह्याद्रीचे दाट जंगल नाही. शेती, गुरे आणि पाणी साठवण्याची गरज आहे, आणि मराठवाड्यात नळाला पाणी किती दिवसांनी येईल याचा भरवसा नसल्याने रांजण, ड्रम आणि हौद भरून ठेवणे हा नाइलाज ठरतो. डेंग्यू व चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. मराठवाड्याला लागून असलेल्या बार्शीत 1973 साली चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती, आणि तीन दशकांच्या शांततेनंतर 2006 साली तो राज्यभर पुन्हा उसळला. या दोन आजारांत गुराढोरांचा संबंध नाही. पाहावी लागतात ती माणूस आणि डास ही दोनच टोके. आरोग्य सेवक रांजणात बॅटरीचा झोत टाकून वळवळणाऱ्या अळ्या शोधतात आणि शंभर घरांमागे किती घरांत अळ्या सापडल्या याचे प्रमाण काढतात, त्याला गृह निर्देशांक म्हणतात. तो चढला की रुग्ण येण्याची वाट न पाहता भांडी रिकामी करून कोरडी ठेवणे, गप्पी मासे सोडणे ही कामे सुरू करता येतात. धुराची फवारणी लोकांना दिसते म्हणून तिची मागणी जास्त होते, पण पाण्यातल्या अळ्यांचे तिने काहीच बिघडत नाही.

वाळूमाशीची गोष्ट वेगळी आहे. मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यांत राहणारा हा बारीक कीटक चांदीपुरा विषाणूचा वाहक आहे. हा विषाणू 1965 साली नागपुरात तापाच्या रुग्णांच्या रक्तात प्रथम सापडला. 2003 साली आंध्र प्रदेश व महाराष्ट्रात मेंदूज्वराने अनेक मुले दगावली, तेव्हा त्याची भीषणता कळली. जुन्या माळवदाच्या घरांची वस्ती असलेल्या मराठवाड्याने तो दूरचा मानू नये.

गोचिडांच्या बाबतीत तर जनावरांकडे पाहिल्यावाचून गत्यंतरच नाही. क्रायमियन काँगो रक्तस्रावी तापाची भारतातील पहिली साथ 2011 साली गुजरातेत आढळली; या विषाणूची बाधा झालेली गाय आजारी दिसतच नाही, पण तिच्या अंगावरचा गोचीड माणसाच्या जिवावर उठतो. याउलट 2022 साली राज्यभर पसरलेल्या लम्पी चर्मरोगात गुरे मेली, माणसाला मात्र काहीच झाले नाही. म्हणजे जनावराच्या दिसण्यावरून माणसाच्या धोक्याचा अंदाज बांधता येत नाही. त्यासाठी गुरांचे रक्त आणि त्यांच्यावरचे गोचीड दोन्ही तपासावे लागतात.

श्रीमंत देशांनाही हा समन्वय सहज जमलेला नाही. 1999 साली न्यूयॉर्कमध्ये कावळे मरू लागले, प्राणिसंग्रहालयातले पक्षीही दगावले आणि त्याच सुमारास माणसांत मेंदूज्वर दिसला. पण आरोग्य यंत्रणेने आधी सेंट लुईस मेंदूज्वराचे निदान केले आणि पक्ष्यांचे मरण निराळे मानले. संग्रहालयाच्या पशुवैद्यक तज्ज्ञाने आग्रह धरल्यावर दोन्हींमागे वेस्ट नाईल हा एकच विषाणू असल्याचे उघड झाले.

भारतात 2004 साली सुरू झालेला एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प माणसांच्या आजारांच्या नोंदी घेतो, जनावरांच्या रोगांची नोंद पशुसंवर्धन विभाग ठेवतो आणि डासांच्या अळ्यांची आकडेवारी हिवताप कार्यालयाच्या फायलीत राहते. माणूस आणि जनावरे यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करण्यासाठी नागपुरात 11 डिसेंबर 2022 रोजी राष्ट्रीय एक आरोग्य संस्थेची पायाभरणी झाली. परभणीत 1972 सालापासून कृषी विद्यापीठ आहे आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. म्हणजे ज्ञानाची वानवा नाही. उणीव आहे ती तालुक्याच्या पातळीवर या तीन नोंदी एका टेबलावर ठेवून वाचणाऱ्या माणसाची, आणि तो नेमायला फार मोठा खर्चही लागत नाही. तोवर गावकऱ्याने करण्याजोगे एवढेच: गुरे अचानक दगावली वा गोचिडांनी ती बेजार झाली तर पशुसंवर्धन विभागाच्या 1962 या क्रमांकावर कळवावे, आणि त्याच दिवसांत घरात कुणाला ताप आला तर डॉक्टरांना गुरांचे ते वर्तमान सांगायला विसरू नये.