पुण्याची दुर्बीण आणि दुसरबीडचे आकाश

दुसरबीडचा माणूस कामानिमित्त पुण्यास गेला, म्हणजे शनिवारवाडा पाहून येतो. त्याने ज्योतिर्विद्या परिसंस्थेची वेधशाळाही पाहावी. ही हौशी निरीक्षकांची संस्था १९४४ साली स्थापन झाली. मंडळी पोटापाण्याचे उद्योग सांभाळून येतात. तेव्हा वेळ आधी विचारून घ्यावी.

दुर्बीण वस्तू मोठी दाखविते, एवढेच आपण जाणतो. तिचे मुख्य काम प्रकाश गोळा करण्याचे होय. अंधारात डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते. ७० मिलिमीटर व्यासाचे भिंग तिच्या १०० पट प्रकाश घेते. म्हणून चंद्रावरील विवरे, गुरूचे चार चंद्र, शनीचे कडे ही शहरातूनही दिसतात. परंतु देवयानीतील दीर्घिकेसारखी फिकट वस्तू शहराच्या उजेडात बुडून जाते. कारण भिंग तो उजेडही गोळा करते. मुंबईचे खगोल मंडळ आकाशदर्शनासाठी वांगणीस जाते, ते याचसाठी.

तीच दीर्घिका हिवाळ्यात, अमावास्येच्या सुमारास, गावाबाहेरच्या शेतातून नुसत्या डोळ्यांनी दिसू शकते. डोळ्यांना वीस मिनिटे अंधाराची सवय मात्र होऊ द्यावी. तिचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला असतो.

दुर्बीण विकत आणता येते. अंधार आणता येत नाही. गावात दिवे वाढावेत, पण त्यांचे तोंड रस्त्याकडे असावे, आभाळाकडे नव्हे.