विजेता नसलेला हंगाम

फ्रान्सच्या फुटबॉल लीगच्या विजेत्यांच्या यादीत १९९२-९३ च्या हंगामापुढे एकाही क्लबचे नाव नाही. गुणतक्त्यात त्या वर्षी पहिला आला होता ऑलिम्पिक मार्सेय, आधीची सलग चार विजेतेपदे जिंकलेला बलाढ्य संघ. मग हे पाचवे गेले कुठे?

२६ मे १९९३ रोजी म्युनिकमध्ये मार्सेयला मिलानविरुद्ध चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना खेळायचा होता. त्याच्या सहाच दिवस आधी लीगमध्ये गाठ होती वालांसिएनशी. हा संघ तळाजवळ होता आणि पहिल्या श्रेणीत टिकण्यासाठी धडपडत होता. मार्सेयला लीगही हवी होती आणि मोठ्या सामन्याआधी कोणी जायबंदी होणेही परवडणारे नव्हते. म्हणून व्यवस्थापनाच्या सांगण्यावरून मार्सेयचा खेळाडू एडेली याने जुन्या ओळखीतून वालांसिएनच्या तिघांना गाठले. जोर लावू नका, पैसे मिळतील, असा तो सौदा होता. त्या तिघांत १९८६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाचा विजयी गोल करणारा बुरुचागाही होता.

त्यांच्यातल्याच बचावपटू जाक ग्लासमनने नकार दिला आणि सगळा प्रकार प्रशिक्षकांना सांगितला. मार्सेयने सामना १-० असा जिंकला, म्युनिकमध्ये मिलानलाही त्याच फरकाने हरवले. पण तक्रार दाबली गेली नाही. तिघांपैकी क्रिस्तोफ रोबेरने कबुली दिली आणि त्याच्या नातेवाइकांच्या बागेत पुरलेले अडीच लाख फ्रँक पोलिसांनी खणून काढले.

मार्सेयचे लीग विजेतेपद काढून घेण्यात आले. दुसऱ्या क्रमांकावरच्या पॅरिस सेंट-जर्मेनने ते स्वीकारले नाही. पुढच्या हंगामात युरोपचे दार मार्सेयला बंद झाले आणि त्या हंगामाअखेर क्लबची रवानगी दुसऱ्या श्रेणीत झाली. क्लबचे अध्यक्ष, माजी मंत्री बर्नार तापी तुरुंगात गेले. लाचेचा सामना फ्रान्सच्या लीगमधला असल्याने युरोपचा चषक मात्र मार्सेयकडेच राहिला.

शिक्षांची ही यादी वाचून न्याय झाला असे वाटते. ग्लासमनचे पुढे काय झाले हे कळले की तसे वाटत नाही. त्याचा वालांसिएनही १९९३ मध्येच दुसऱ्या श्रेणीत घसरला. खरे बोलणाऱ्या या खेळाडूची फ्रान्सभरच्या मैदानांत हुर्यो उडवली गेली. १९९५ मध्ये फिफाने त्याला खिलाडूवृत्तीचा पुरस्कार दिला खरा, पण मोठ्या क्लबांची दारे उघडली नाहीत. हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर त्याची कारकीर्द संपली.

सामना विकला जातो तो बंद खोलीत. तिथला खेळाडू तोंड उघडतो, तेव्हाच पुरावा हाती येतो. त्यामुळे विजेतेपद काढून घेणे हा अर्धाच उपाय आहे. तक्रार करणाऱ्या खेळाडूचा करार, पगार आणि पुढची संधी यांची हमी संघटनांनी घ्यायला हवी. आणि प्रेक्षकांनीही ठरवायला हवे: आपला संघ अडचणीत आला तरी हुर्यो लाच देणाऱ्याची उडवायची, ती उघड करणाऱ्याची नव्हे.