हरल्यावरचा पुढचा पत्ता

शंभर पत्त्यांचा जोड. चित्राचं पान आलं की पैसे मिळतात, आकड्याचं आलं की जातात. पहिल्या दहांत नऊ पानं जिंकून देणारी, पुढच्या दहांत आठ, आणि असं उतरत शेवटच्या दहांत एकही नाही. खेळणाऱ्याला यातलं काही ठाऊक नसतं. हवं तेव्हा थांबायची मात्र मुभा असते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जोसेफ न्यूमन यांनी सहकाऱ्यांसह १९८७मध्ये वापरलेली ही चाचणी.

माँट्रियलमध्ये फ्रँक व्हितारो आणि सहकाऱ्यांनी गरीब घरांतल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना असाच खेळ दिला आणि सतराव्या वर्षी त्यांच्या जुगाराची चौकशी केली. १९९९मध्ये आलेला निष्कर्ष असा: पानं उलटी पडू लागल्यावरही ज्यांचा हात थांबला नव्हता, त्यांच्यात जुगाराच्या पायी अडचणीत आलेली मुलं जास्त होती.

उतावीळ म्हटलं की आपल्याला गुडघ्याला बाशिंग बांधलेला नवरा आठवतो, म्हणजे सुरुवातीची घाई. ती तर या वयात बहुतेकांना असते. बक्षिसाची ओढ मेंदूत आधी जोर धरते, लगाम मागाहून येतो. जुगारात जास्त नडतं ते थांबता न येणं.

म्हणून खेळाचा वेग महत्त्वाचा. मटक्यात 'ओपन' आणि 'क्लोज' यांच्यात काही तास जायचे. तेवढ्यात खिसा रिकामा झालेला कळायचा, कधी आईलाही कळायचा. (मटक्याची तरफदारी नव्हे, त्याने मुंबईत कमी घरं बुडवली नाहीत.) मोबाइलवर डाव आणि निकाल यांच्यात काही सेकंद उरतात. ज्या मुलाचा लगाम मुळातच सैल, त्याला बाहेरून मिळणारी उसंतही संपली. ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, पण चोरट्या अ‍ॅपना वयही विचारायचं नसतं.

स्वभावाला नशीब समजण्याची घाईही नको. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या दीर्घ अभ्यासात तिसऱ्या वर्षी अनावर वाटलेल्या मुलांमध्ये मोठेपणी जुगाराचं व्यसन समतोल स्वभावाच्या मुलांच्या दुपटीहून अधिक आढळलं. तरी त्यांच्यातले बहुतेक जुगारी झाले नाहीत.

घरात गोष्ट उघडी पडली की पहिला प्रश्न असतो, 'किती घालवलेस?' त्याहून कामाचा प्रश्न दुसरा आहे: हरल्यावर ते भरून काढायला पुन्हा बसलास का, आणि किती वेळाने? अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३च्या निदानसूचीत हरलेलं वसूल करायला परतणं हे जुगाराच्या व्यसनाचं एक लक्षण मानलं आहे. पाचशे रुपये घालवून महिनाभर तिकडे न फिरकलेल्या मुलापेक्षा पन्नास घालवून लगेच मित्राकडे उसने मागणाऱ्याची मला जास्त काळजी वाटेल.