जन्मांची मोजणी आणि जन्मांचें वजन

घरांतील वडील स्त्रीला ‘मुलें किती?’ असें विचारलें, तर पूर्वीं बहुधा दुहेरी उत्तर येत असे : ‘झालीं सात, आहेत चार.’ लोकसंख्याशास्त्राचा पाया या दोन क्रियापदांतील अंतरावरच उभा आहे. किती जन्मलीं हा एक प्रश्न, किती जगलीं हा दुसरा. आणि जीं जन्मासच आलीं नाहींत त्यांचा उच्चार उत्तरांत होतच नसे. एका घरापुरती ही गोष्ट आठवणींत राहते; कोट्यवधि घरांच्या राष्ट्राला मात्र ती विचारून, लिहून, मोजून घ्यावी लागते.

शिरगणतींत माणसें मोजलीं जातात, गर्भधारणा नव्हेत. त्यासाठीं स्त्रियांना भेटून स्वतंत्र पाहणी करावी लागते. या कामांत पुण्यानें लवकर हात घातला. १९३० सालीं स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व कुमुदिनी दांडेकर यांनीं केलेली पुणें जिल्ह्यांतील जननमृत्यूंची पाहणी १९५३ मध्यें प्रसिद्ध झाली. पुढें १९९२-९३ मध्यें सबंध देशाची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सुरू झाली. तिची धुरा मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे आहे.

या पाहण्यांतून ‘एकूण जननदर’ निघतो. आजच्या प्रत्येक वयाचा जननवेग जसाच्या तसा राहिला, तर एका स्त्रीला पंधराव्या वर्षापासून एकोणपन्नासाव्यापर्यंत सरासरी किती मुलें होतील, तें हा आंकडा सांगतो. पहिल्या पाहणींत तो ३.४ होता, २०१९-२१ च्या पांचव्या पाहणींत २.० झाला, आणि महाराष्ट्रांत १.७. एका पिढीची जागा दुसरीनें भरून काढण्यास सुमारें २.१ लागतात. दोन मातापित्यांस दोन मुलें एवढा साधा हिशेब जुळत नाहीं. कारण मुलांपेक्षां मुली किंचित् कमी जन्मतात, आणि जन्मलेल्या सर्वच मुली मातृवयापर्यंत पोहोंचत नाहींत.

प्रसूतीची सुरक्षितताहि वाढली. २००५-०६ मध्यें शंभरांतील सुमारें ३९ प्रसूती दवाखान्यांत होत असत. २०१९-२१ च्या पाहणींत हें प्रमाण ८९ झालें. २०१८-२० या काळांत दर लाख जिवंत जन्मांमागें देशांत ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रांत ३३. तथापि याच पांचव्या पाहणींत निम्म्याहून अधिक गर्भवती स्त्रिया पांडुरोगी, म्हणजे रक्तक्षय झालेल्या आढळल्या. आणि ज्या बालकांचें वजन नोंदलें गेलें होतें, त्यांपैकीं शेंकडा सुमारें १८ अडीच किलोंहून कमी भरलीं. मोजणींतील एक प्रश्न सुटत आला, तर दुसरा पुढें आला : मूल जन्मतें, जगतें, पण तें कोणत्या प्रकृतीचें जन्मतें?

या प्रश्नास आठवणीवर विसंबून चालत नाहीं. लवकर गळालेला गर्भ पुष्कळदां विसरला जातो, किंवा सांगितला जात नाहीं. म्हणून पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधनकेंद्रानें डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखालीं १९९३ मध्यें उलट वाट धरली. पुण्याजवळच्या सहा गांवांतील विवाहित स्त्रियांच्या पाळीच्या तारखा दरमहा नोंदून, गर्भ राहतांच त्यांचा आहार, श्रम व वजन यांचा मागोवा घेण्यांत आला. अशा सुमारें आठशें गर्भवतींचा अभ्यास झाला. गरोदरपणापूर्वीं त्यांचें सरासरी वजन अवघें ४२ किलो होतें. त्यांचीं बालकें सरासरी सुमारें २.७ किलोंचीं, तर इंग्लंडांतील साउदम्टन येथील बालकें ३.५ किलोंचीं भरलीं. परंतु पुण्याकडील बालकांत उणीव होती ती मुख्यतः स्नायूंची व पोटांतील इंद्रियांची. कातडीखालची चरबी मानानें फारशी घटलेली नव्हती. बाहेरून कृश, आंतून मेदयुक्त अशी ही ठेवण पुढें मधुमेहास अनुकूल ठरत असावी, असें या संशोधकांचें प्रतिपादन आहे.

आहाराचा निष्कर्षहि अनपेक्षित निघाला. अन्नाच्या एकूण उष्मांकांशीं बालकाच्या आकाराचा संबंध दिसला नाहीं. दूध, फळें व पालेभाज्या वरचेवर खाणाऱ्या मातांचीं बालकें मात्र मोठीं होतीं. शेतांतील व घरांतील कष्ट ज्यांना अधिक, त्यांचीं बालकें लहान होतीं. यावरून कारण सिद्ध झालें असें नव्हे, पण दिशा कळली. याच मुलांची सहाव्या वर्षीं तपासणी झाली. ज्या मातांच्या रक्तांत ब-१२ जीवनसत्त्व कमी व फॉलिक अम्ल अधिक होतें, त्यांच्या मुलांत इन्सुलिनचा परिणाम सर्वांत मंद आढळला. म्हणून गर्भवतीनें फॉलिक अम्लाच्या गोळ्या सोडाव्या असें मुळींच नाहीं; गर्भाच्या मज्जारज्जूचीं व्यंगें त्या टाळतात. ब-१२ ची जोड हवी, एवढाच त्याचा अर्थ.

हें जीवनसत्त्व भाजीपाल्यांत नसतें. दूध, अंडीं, मासे व मांस यांत असतें. पुण्याच्याच दुसऱ्या एका अभ्यासांत शहरी मध्यमवर्गीय पुरुषांमध्यें त्याची उणीव खेडुतांहून अधिक दिसली. सुशिक्षित घरांनींहि हा प्रश्न केवळ गरिबांचा समजूं नये, याला एवढा पुरावा पुरे आहे.

त्या सहा गांवांत जन्मलेल्या मुलामुलींनाच २०१२ पासून, तीं स्वतः आईबाप होण्यापूर्वीं, ब-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग हातीं घेण्यांत आला. कारण गर्भाचीं इंद्रियें पहिल्या कांहीं आठवड्यांतच आकार घेतात. तोंवर पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याची खात्रीहि नसते. डोहाळे लागल्यावर सुनेचें ताट सजविण्याची चाल घरोघर आहे. पण त्या ताटाची काळजी ती सून होण्यापूर्वीं, दहाबारा वर्षांची मुलगी असतांनाच, तिच्या वाट्याच्या दुधापासून घ्यावी लागते. भावाला पेलाभर आणि बहिणीला उरलेलें, अशी जेथें वांटणी होते, तेथें पुढच्या पिढीचें वजन त्याच दिवशीं घटूं लागतें.