श्रवण, मनन आणि समाजमाध्यमे : ठाण्याच्या संदर्भात एक विचार

१

नवविधा भक्तीच्या गणनेत श्रवणाला पहिले स्थान आहे आणि कीर्तनाला दुसरे. भागवताच्या सातव्या स्कंधात आलेला हा क्रम समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात एकेका समासात विवरून सांगितला आहे. साधकाचा शोध कितीही वैयक्तिक असला, तरी त्याचा आरंभ दुसऱ्याच्या मुखातून आलेल्या, आणि महाराष्ट्रात बहुधा गायिलेल्या, शब्दाने होतो, असे गृहीत ह्या क्रमात अंतर्भूत आहे. वेदान्तशास्त्राने श्रवणापुढे मनन आणि निदिध्यासन अशा आणखी दोन पायऱ्या मानल्या. ऐकलेले मनात घोळले पाहिजे आणि घोळलेले आचरणात स्थिरावले पाहिजे, तरच ऐकणे सफळ झाले, असा त्याचा आशय होय.

आज हा शब्द भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून येतो. यूट्यूब (२००५), व्हॉट्सॲप (२००९) आणि इन्स्टाग्राम (२०१०) ह्या समाजमाध्यमांनी अभंग, आरती, स्तोत्र आणि प्रवचन ह्यांचे श्रवण इतके सुलभ केले आहे, की त्याची कल्पना दोन पिढ्यांपूर्वी करता आली नसती. ह्या सुलभतेविषयी दोन टोकांची मते नेहमी ऐकू येतात. एका पक्षाच्या मते धर्माचा बाजार झाला. दुसऱ्याच्या मते धर्म घरोघरी पोचला. दोन्ही मते प्रसाराविषयी बोलतात. साधकाविषयी कोणतेच बोलत नाही. समाजमाध्यमांमुळे श्रवणानंतर घडणाऱ्या गोष्टींचे काय होते, हा प्रश्न विचारल्यावाचून ह्या विषयाचे मर्म हाती येणार नाही. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाची मांडणी ठाणे शहराच्या संदर्भात केली आहे.

२

ठाण्याचा संदर्भ घेण्यास एक विशेष कारण आहे. साईबाबांचे ओवीबद्ध चरित्र रचणारे गोविंद रघुनाथ दाभोळकर ऊर्फ हेमाडपंत ह्यांनी साईसच्चरिताच्या पंधराव्या अध्यायात ठाण्यात घडलेली एक कथा दिली आहे. मासुंदा तलावाजवळच्या कौपीनेश्वराच्या देवळात दासगणू महाराजांचे कीर्तन चालले होते. दासगणू म्हणजे गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे (१८६८-१९६२). पोलीस खात्यातील नोकरी सोडून ते कीर्तनाकडे वळले, आणि साईबाबांचे नाव मुंबई-ठाण्याकडे पोचवण्यात त्यांच्या कीर्तनांचा वाटा मोठा होता. अंगरखा-उपरणे-पागोट्याचा थाट टाकून, उघड्या अंगाने, गळ्यात माळ आणि हाती चिपळ्या घेऊन ते उभे राहत. श्रोत्यांत चोळकर नावाचे एक गरीब गृहस्थ होते. ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात ते उमेदवारी करीत होते आणि खात्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावाचून त्यांना कायमची नोकरी मिळणार नव्हती. कीर्तन ऐकता ऐकता त्यांनी मनोमन नवस केला, की परीक्षेत यश आल्यास शिर्डीस जाऊन साईंचे पाय धरीन आणि खडीसाखर वाटीन. यश आले, नोकरीही मिळाली; परंतु प्रपंचाच्या ओढाताणीत शिर्डीच्या प्रवासाचा खर्च जमेना. तेव्हा नवस फिटेपर्यंत साखर वर्ज्य करून ते बिनसाखरेचा चहा पिऊ लागले. पुढे शिर्डीस गेल्यावर साईबाबांनी बापूसाहेब जोगांना सांगितले, की ह्या पाहुण्याला भरपूर साखर घातलेला चहा द्या. त्या साध्या वाक्यातील खूण चोळकरांना पटली आणि ते सद्गदित झाले.

साईसच्चरित हा भक्ताने भक्तांसाठी लिहिलेला ग्रंथ आहे. चमत्काराची ऐतिहासिक शहानिशा करण्याचे ते साधन नव्हे. मात्र त्या काळातील साधक श्रवणाचा परिणाम कसा समजून घेत होते, हे पाहण्यास ही कथा उत्तम पुरावा ठरते. तिचे टप्पे स्पष्ट आहेत. कीर्तन सार्वजनिक आहे. तेथे संगीत आहे, समुदाय आहे. त्यातून उद्भवलेला संकल्प खाजगी आहे. त्यानंतरचे व्रत गुप्त आहे. ते कोणासही सांगितलेले नाही. व्रत आणि त्याची पूर्तता ह्यांच्यामध्ये काळाचे मोठे अंतर आहे. आणि शेवटी जी ओळख पटते ती एकाच ठिकाणाहून येते. ह्या कथेचे सारे बळ बिनसाखरेचा चहा कोणास ठाऊक नव्हता ह्या एका गोष्टीवर उभे आहे. चोळकरांनी तो व्रताचा गाजावाजा करीत घेतला असता, तर कथेत सांगण्यासारखे काही उरलेच नसते.

३

श्रवणाचे माध्यम बदलण्याची ही पहिली वेळ नव्हे. सतराव्या शतकातील बहिणाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनपर अभंगांत सांगितले आहे, की कोल्हापुरास जयरामस्वामींच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग कानी पडले आणि तुकोबांचा ध्यास लागला. प्रत्यक्ष भेट होण्याच्या आधी स्वप्नात अनुग्रह झाला. पतीचा कडवा विरोध त्यांना सोसावा लागला. गुरू देहूस, शिष्या कोल्हापुरास, आणि दोघांमधला दुवा म्हणजे तिसऱ्याने गायिलेले पद. व्यक्तीच्या आधी तिचे गीत पोचते, ही गोष्ट आजच्या माध्यमांनी आणलेली नाही.

हे गीत पोचवण्याची साधने मात्र बदलत गेली. कीर्तनकारांनी पदे आणि आख्यानांचे आराखडे बाडांत उतरून ठेवले. ख्रिश्चन नोव्हेत्स्के ह्यांनी नामदेवांविषयीच्या २००८ च्या ग्रंथात ह्या बाडांचे महत्त्व विशद केले आहे. १९०२ साली कलकत्त्यास फ्रेडरिक गैसबर्ग ह्यांनी भारतातील आरंभीचे ध्वनिमुद्रण केले. तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गायन मावत असे. तेव्हा भजनात टाळकऱ्यांच्या साथीने पुनःपुन्हा घोळवले जाणारे ध्रुपद तबकडीवर आखडते घ्यावे लागले. १९२७ साली मुंबईस नभोवाणी केंद्र सुरू झाले. पुणे आकाशवाणीने १९५५-५६ मध्ये ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके ह्यांचे गीतरामायण प्रसारित केले. त्यातील ५६ गीते आठवड्याला एक ह्या क्रमाने वर्षभर श्रोत्यांपर्यंत पोचली. पुढे ध्वनिफीत आली. स्वस्त ध्वनिफितीमुळे मोठ्या कंपनीची मक्तेदारी कशी ढिली झाली आणि प्रादेशिक व भक्तिपर संगीताला कसे उधाण आले, ह्याचे विवेचन पीटर मॅन्युएल ह्यांनी उत्तर भारताच्या संदर्भात १९९३ साली केले.

ह्या सर्व स्थित्यंतरांत श्रवणाचे क्षेत्र वाढत गेले; परंतु श्रवणानंतरचा अवकाश बहुतांशी अबाधित राहिला. गीतरामायणाच्या श्रोत्याला पुढच्या गीतासाठी आठवडाभर थांबावे लागे. तो आठवडा मननाचा होता, मग श्रोत्याला त्याची जाणीव असो वा नसो. तबकडी संपल्यावर सुई उचलावी लागे, ध्वनिफीत उलटावी लागे. माध्यमाच्या ह्या अपुरेपणातच एक विराम दडलेला होता.

४

ठाण्यातील वर्तकनगर हे ह्या बदलाचे दृश्य रूप पाहण्यास योग्य स्थळ आहे. पोखरण मार्गाच्या परिसरातील ही वस्ती गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींभोवती वाढली. १९२५ साली सुरू झालेली रेमंडची गिरणी जवळच होती. वागळे इस्टेटीतील कारखानेही फार दूर नव्हते. आता गिरणीच्या जागी उंच निवासी इमारती आहेत आणि जुन्या वसाहतींचेही मनोरे होत आहेत. वर्तकनगरचे साईमंदिर सर्व ठाण्यास परिचित आहे आणि गुरुवारी तेथे विशेष गर्दी असते. कौपीनेश्वराच्या देवळात कीर्तनाने पोचलेले नाव त्याच शहराच्या ह्या भागात देवालयाच्या रूपाने स्थिरावले. आज तेथील भाविकाला शिर्डीच्या समाधिमंदिराचे दर्शन आणि तेथील काकड, माध्यान्ह, धूप व शेज ह्या चारही आरत्या संस्थानच्या थेट प्रक्षेपणामुळे घरबसल्या पाहता येतात.

ह्या सोयीचे मोल करोनाच्या काळात कळले. मार्च २०२० मध्ये मंदिरे बंद झाली, ती राज्यात १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद होऊन ७ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली. त्या महिन्यांत पडदा हेच देवालयाचे दार होते. एरवीही अंथरुणाला खिळलेला वृद्ध, रात्रपाळीचा कामगार, परदेशी गेलेली मुलगी आणि घरच्या जबाबदारीमुळे रात्रीच्या भजनास जाऊ न शकणारी गृहिणी ह्यांना समाजमाध्यमांनी श्रवणाचा अधिकार दिला आहे. बहिणाबाईंची अडचण आठवली, तर ह्या लाभाला उणे लेखता येणार नाही.

परंतु लाभाबरोबर माध्यमाची स्वतःची रीतही येते, आणि ती तीन ठिकाणी साधनेला स्पर्श करते.

पहिला स्पर्श संगीताच्या घडणीला होतो. अभंगात ध्रुपद असते, चरण असतात आणि अखेरच्या चरणात बहुधा कवीची नाममुद्रा असते. गायक ध्रुपदाकडे परत येतो तेव्हा प्रत्येक चरणाने त्याचा अर्थ थोडा पुढे सरकलेला असतो. भारतात २०२० साली इन्स्टाग्रामने रील हा प्रकार आणला तेव्हा त्याची मर्यादा १५ सेकंदांची होती; पुढे ती वाढवण्यात आली. एवढ्या अवधीत ध्रुपदाची एखादी आकर्षक फिरत तेवढी मावते. चरण गळतात आणि नाममुद्राही गळते. मुद्रा गळालेला अभंग कोणाच्याही नावावर खपू शकतो. तबकडीच्या आरंभीच्या काळात गौहर जान गायनाच्या शेवटी आपले नाव उच्चारीत असे. त्या उच्चाराने तबकडीवरील स्वराला धनी मिळे. येथे ध्वनी उरतो, धनी हरवतो.

दुसरा स्पर्श मननाच्या अवकाशाला होतो. एक पद संपताच काही क्षणांत दुसरे आपोआप सुरू होते. कोणते सुरू व्हावे हे अल्गोरिदम ठरवतो. म्हणजे श्रोत्याने पूर्वी काय पाहिले, किती वेळ पाहिले आणि त्याच्यासारख्या इतरांनी पुढे काय पाहिले, ह्यांच्या हिशेबावरून यंत्र निवड करते. श्रोता पडद्यापाशी अधिक काळ थांबावा हा ह्या हिशेबाचा मुख्य हेतू असतो. साधकाला जे न आवडणारे परंतु आवश्यक असे काही ऐकवणे, हे गुरूचे आणि कीर्तनकाराचे काम होते. यंत्राला आवडीची गणना करता येते, आवश्यकतेची करता येत नाही.

तिसरा स्पर्श सर्वांत सूक्ष्म आहे, आणि तो गुप्ततेला होतो. जप करताना माळ गोमुखीत झाकण्याचा प्रघात आहे. माळेचे मणी मोजले जातात. मोजदादीला परंपरेचा विरोध नाही. ती मोजदाद दुसऱ्याच्या दृष्टीस पडू नये, एवढाच गोमुखीचा आग्रह आहे. समाजमाध्यमाची घडण ह्याच्या नेमकी उलट आहे. तेथे पसंतीचा, प्रेक्षकांचा, अनुयायांचा आकडा गायनाखालीच छापलेला असतो. आपली वारी, आपला उपवास, आपली पहाटेची साधना छायाचित्ररूपाने मांडण्याचे निमंत्रण साधकाला सतत मिळत राहते. चोळकरांच्या चहाची खूण एकालाच ठाऊक होती. आजच्या चोळकरांना तो चहा गटावर टाकण्याचा मोह होईल, आणि शेकडो नमस्कार मिळाल्यावर शिर्डीस जाण्याची निकड कदाचित उरणार नाही.

५

ह्यावरून समाजमाध्यमे साधनेला सर्वस्वी प्रतिकूल आहेत असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. परंपरेतही प्रदर्शनाला जागा होती. दिंडी, सप्ताह, कोकणातून मुंबई-ठाण्याकडे आलेली डबलबारी, हे सारे उघड आणि काही अंशी स्पर्धात्मक प्रकार आहेत. कल्याण-डोंबिवली-ठाण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये नोकरदारांची भजनी मंडळे वर्षानुवर्षे टाळ वाजवीत आली. कोणाला ती प्रसाद वाटली, कोणाला उपद्रव. त्याच डब्यात आता कोणी कानात श्रवणयंत्र घालून एकटाच हरिपाठ ऐकतो. बाहेरून पाहता समाजापासून तुटलेला तो हा श्रोता कदाचित गोमुखीच्या अधिक जवळ असेल. त्याचे ऐकणे कोणास दिसत नाही. माध्यम एकच असले, तरी ते झाकून वापरता येते आणि उघडूनही. साधनेच्या दृष्टीने भेद पडतो तो ह्या वापरात.

क्रिस्टोफर हेलँड ह्यांनी २००० साली जालावरील धर्मविषयक माहिती आणि जालावर प्रत्यक्ष घडणारे धर्माचरण ह्यांत भेद केला. हायडी कॅम्पबेल ह्यांनी पुढे जाळेबद्ध धर्माची संकल्पना मांडली. हे भेद उपयुक्त असले, तरी ते कृती कोठे घडते ह्यावर आधारलेले आहेत. मराठी भक्तिपरंपरेच्या अभ्यासकाला त्यांत आणखी एका निकषाची भर घालता येईल : श्रवणानंतर साधक किती काळ आणि किती प्रमाणात एकटा राहतो. ह्या निकषाने पाहिल्यास चावडीवरचे भजन, नभोवाणीवरील गीत आणि पडद्यावरील आरती ह्यांची तुलना एका पातळीवर करता येते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ह्या दिशेने ठाणे परिसरात बरेच काम करता येण्यासारखे आहे. एकाच अभंगाचे भजनी मंडळातील, ध्वनिमुद्रिकेतील आणि रीलमधील पाठ समोरासमोर ठेवून कोणते चरण टिकले आणि कोणते गळाले, ह्याची नोंद करता येईल. कीर्तनकारांच्या बाडांची आजच्या व्हॉट्सॲप गटांतील संग्रहांशी तुलना करता येईल. मात्र असे गट खाजगी असतात. सभासदांच्या स्पष्ट संमतीवाचून त्यांतील मजकूर संशोधनास घेऊ नये. शिवाय येथे एक अंगभूत मर्यादा आहे. जे आकड्यांत दिसते ते श्रवण होय. मनन आकड्यांत दिसत नाही. एखाद्या आरतीला किती लाख प्रेक्षक लाभले हे पडद्यावरून वाचता येईल, परंतु त्यांपैकी कितीजणांनी त्या रात्री चहातील साखर सोडली, हे संशोधकालाही कळणार नाही. ते कळू नये ह्यातच त्या साखरेचे मोल आहे, ही जाणीव ठेवून ह्या विषयाकडे वळणे इष्ट होय.