मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहू नका

“डॉक्टर, आईचा मोतीबिंदू अजून पिकलेला नाही. दिवाळी होऊ द्या, थंडीत बघू.” दवाखान्यात हे वाक्य मी आजही ऐकतो. हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की त्याचा थोडा खुलासा केला पाहिजे.

आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असते. वयाबरोबर ते गढूळ होते, तोच मोतीबिंदू. तो डोळ्यावर वरून वाढणारा पडदा नव्हे. म्हणून कोणत्याही थेंबांनी, मधाने किंवा गुलाबपाण्याने तो विरघळत नाही. सुरुवातीस धुरकट दिसते, रात्री समोरच्या गाडीचा दिवा फाकलेला दिसतो, चष्म्याचा नंबर सारखा बदलतो. काही आजोबा तर आनंदाने सांगतात, की आता चष्म्याशिवाय पेपर वाचता येतो! भिंगाचा गाभा घट्ट झाल्याने जवळचे दिसू लागते, एवढेच. हे सुख फार दिवस टिकत नाही. मधुमेही आणि स्टिरॉइडच्या गोळ्या पुष्कळ दिवस घेणारे यांना मोतीबिंदू लवकर गाठतो.

थांबण्याचा सल्ला एकेकाळी योग्यच होता. त्या काळी भिंग काढून टाकले की जाड काचांचा चष्मा लागे. त्यातून सगळे मोठे दिसे आणि दुसरा डोळा चांगला असेल तर दोहोंचा मेळ बसत नसे. शस्त्रक्रियेनंतर कित्येक दिवस मान न हलवता उताणे पडून राहावे लागे. मग दृष्टी अगदी जाईपर्यंत कोण कशाला धजेल?

चित्र बदलले ते कृत्रिम भिंगामुळे. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लास्टिक काचेचे कण घुसले, पण डोळ्यांनी ते निमूटपणे सहन केले. हे पाहून लंडनच्या डॉ. हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली तशाच प्लास्टिकचे भिंग रुग्णाच्या डोळ्यात बसवले. आपल्याकडे मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून ही भिंगे स्वस्तात बनवल्यावर ती सामान्यांच्या आवाक्यात आली.

आता डोळा बधिर करून लहानशी चीर देतात, गढूळ भिंग काढतात व त्याच्याच पिशवीत नवे भिंग बसवतात. फेको पद्धतीत तर भिंग ध्वनिलहरींनी फोडून शोषून घेतात. बहुतेकांना टाका लागत नाही, संध्याकाळी घरी जाता येते. ऋतूचा काही संबंध नाही. सरकारी जिल्हा रुग्णालयात हे सारे भिंगासह मोफत होते.

उलट, अति पिकलेला मोतीबिंदू घातक ठरतो. मागे एका आजींना डोकेदुखी व उलट्यांसाठी माझ्याकडे आणले. घरी दोन दिवस पित्त समजून सुंठ-साखर चालली होती. डोळा लालभडक, बाहुलीत पांढरा मोतीबिंदू! आतले पाझरून डोळ्याचा दाब वाढला होता. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले, शस्त्रक्रियाही नीट झाली. पण शीर दाबली गेल्याने त्या डोळ्याला आता फक्त उजेड-अंधार कळतो. घरच्यांचे प्रेम कमी नव्हते, ते मोतीबिंदू पिकायची वाट पाहत होते.

मग करावी केव्हा? तांदळातले खडे दिसेनासे झाले, एस.टी.ची पाटी वाचता येईना, पायरी चुकू लागली, की तपासून घ्यावे. तपासणीत दाब व आतला पडदाही पाहून घ्यावा, कारण धूसर दिसणे प्रत्येक वेळी मोतीबिंदूच असते असे नाही. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही.

शस्त्रक्रियेनंतर थेंब सांगितले तितके दिवस घालावेत, डोळा चोळू नये, पाणी जाऊ देऊ नये. दुखू लागले, लाली वाढली किंवा नजर कमी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. सकाळची वाट पाहू नये. काही महिन्यांनी वा वर्षांनी पुन्हा धुरकट दिसू लागले तर मोतीबिंदू परत आला म्हणून घाबरू नका. नव्या भिंगामागची पिशवी गढुळलेली असते. लेसरने ती काही मिनिटांत मोकळी करता येते.